लाल फितीतला अधिकारी

जुने तैलचित्र विकत घेणे हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, असे मला चाळिशी उलटेपर्यंत मनापासून वाटत होते. मी मूळची साताऱ्याची. नोकरीच्या निमित्ताने अकरा वर्षांपासून फ्रान्समध्ये दिजाँ येथे राहते, आणि माझा व्यवसाय प्रयोगशाळेतल्या मोजमापांचा आहे, कलेचा नाही. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये मी एका लिलावात अठराव्या शतकातल्या एका लष्करी अधिकाऱ्याचे चित्र घेतले, आणि पुढचे वीस महिने तो कोण होता हे शोधण्यात, चित्राची दुरुस्ती करून घेण्यात आणि कागदपत्रांच्या मागे फिरण्यात गेले. सुरुवातीला मला काहीच कळत नव्हते आणि विचारावे असे ओळखीचे कोणी नव्हते, म्हणून जे घडले ते घडले त्याच क्रमाने लिहून ठेवते आहे.

जानेवारीत एका लहान शहरातल्या लिलावगृहाची यादी चाळताना हे चित्र दिसले. वर्णन चार ओळींचे होते: फ्रेंच शैली, अठरावे शतक, सेंट-लुई सन्मानाचा मानकरी असलेल्या एका सरदार घराण्यातील अधिकाऱ्याचे चित्र, कॅनव्हासवर तैलरंग, मागून अस्तर लावलेले, ८१ बाय ६५ सेंटीमीटर. अंदाजे किंमत ८०० ते १,२०० युरो दिली होती. छायाचित्रात लाल कोट घातलेला, केसांना पांढरी पूड लावलेला, छातीवर लाल फितीला त्या सन्मानाचा क्रूस अडकवलेला, चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा एक माणूस किंचित डावीकडे वळून आपल्याकडे पाहत होता. असे चेहरे फ्रान्समधल्या प्रत्येक लिलावात दोन-तीन तरी असतात, त्यामुळे मी पुढे गेलेही असते. परंतु चौथे छायाचित्र चित्राच्या पाठीचे होते, आणि तिथे चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर तिरप्या अक्षरांत लिहिले होते की या माणसाने ‘ओ-झांद’, म्हणजे हिंदुस्थानात, चाकरी केली.

त्या एका शब्दाने माझा घात केला. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा डी बॉइन हा सव्हॉयमधल्या शाँबेरीचा, आणि १७७७ साली पुण्याच्या दरबारात येऊन इंग्रजांची झोप उडवणारा सेंट लुबिन हा फ्रेंच, हे शाळेपासून डोक्यात असलेल्या मराठी मुलीला ‘हिंदुस्थानात चाकरी’ हे शब्द फ्रेंच कॅनव्हासच्या पाठीवर वाचल्यावर जे व्हायचे तेच झाले. हा माणूस नानांना भेटला असेल का, इथपर्यंत माझी मजल त्या रात्री गेली होती.

लिलावाआधी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही उपयोगी पडल्या. पहिली म्हणजे लिलावगृहाकडे चित्राच्या स्थितीचा लेखी अहवाल मागितला. तो फुकट मिळतो, मात्र मागावा लागतो. त्यात ‘व्हार्निश पिवळे पडलेले, जुन्या दुरुस्त्या, डाव्या खांद्यापाशी रंग उचललेला’ असे लिहून आले. दुसरी म्हणजे वर्णनातल्या शब्दांचा कायदेशीर अर्थ समजून घेतला. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ च्या अध्यादेशाने हे शब्द बांधून दिलेले आहेत. नुसते चित्रकाराचे नाव लिहिले असेल तर चित्र त्याचेच असल्याची हमी असते. ‘अमुकचे मानले जाणारे’ असे लिहिले असेल तर चित्र त्याच्या काळातले आहे आणि ते त्याचे असल्याची सबळ शक्यता आहे, एवढेच म्हटलेले असते. ‘अमुकच्या कार्यशाळेतले’ म्हणजे त्याच्या देखरेखीखाली झालेले. आणि ‘अमुकच्या ढंगाचे’ किंवा ‘अमुकच्या धर्तीवर’ असे असेल तर कसलीच हमी नाही. माझ्या चित्राला चित्रकाराचे नाव नव्हतेच. रिगो, लार्जिलियेर, नातिए, रोझलाँ यांची नावे मोठ्या चित्रांना लागतात. त्यांच्याकडे ज्यांना परवडत नसे असे शेकडो अधिकारी छावणीच्या गावातल्या चित्रकारापुढे बसत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी चित्रावर सही केलेली नाही.

१७ फेब्रुवारीला चित्रे पाहण्यासाठी मांडली होती. मी रजा टाकून गेले. अशा वेळी खिशात एक लहान विजेरी असू द्यावी, कारण बाजूने तिरपा प्रकाश टाकला की उचललेला रंग आणि जुनी ठिगळे लगेच दिसतात, आणि चित्र उलटे करून दाखवा असे सांगण्याचा संकोच करू नये. मला संकोच वाटला. माझ्यापुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांना तो वाटला नाही, म्हणून मला पाठ दिसली.

दुसऱ्या दिवशी लिलाव झाला. आदल्या रात्री मी स्वतःशी ठरवले होते की सगळे धरून १,५०० युरोंच्या वर जायचे नाही. हे ‘सगळे धरून’ महत्त्वाचे आहे, कारण हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावगृहाचे शुल्क चढते आणि ते फ्रान्समध्ये साधारणपणे पंचवीस ते तीस टक्क्यांच्या आसपास असते. माझ्या ठिकाणी ते करांसह २७ टक्के होते. बोली ६०० ला सुरू झाली, एका दूरध्वनीवरच्या माणसाने मला ९५० पर्यंत ओढले, आणि १,१०० ला हातोडा पडला. त्यानंतरचे काही क्षण मी श्वास रोखून बसले होते, कारण फ्रान्समध्ये सार्वजनिक लिलावात हातोडा पडल्यावरही राज्याचा प्रतिनिधी उठून त्याच किमतीला वस्तू राज्यासाठी राखून घेऊ शकतो, आणि तो निर्णय कायम करण्यास त्याला पंधरा दिवस मिळतात. माझ्या अनाम अधिकाऱ्यासाठी अर्थातच कोणी उठले नाही. २९७ युरो शुल्क धरून १,३९७ युरोंची पावती हातात आली. इथे राहणाऱ्याला १,००० युरोंपेक्षा जास्त रक्कम रोखीने देता येत नाही, तेव्हा बँकेच्या कार्डाची मर्यादा आधीच वाढवून घ्यावी. मी ती वाढवली नव्हती, म्हणून पैसे बँकेतून पाठवावे लागले आणि ते पोहोचेपर्यंत चार दिवस चित्र तिथेच राहिले. सातव्या दिवसापासून साठवणुकीचे भाडे लागते असे पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेले होते.

घरी आणल्यावर आई-बाबांना कॅमेऱ्यावर दाखवले. बाबा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘माणूस बरा दिसतो.’’ आई म्हणाली, ‘‘अगं, पण कोणाचा कोण तो! परक्याच्या आजोबांचा फोटो भिंतीवर लावून त्याला हार कोण घालणार?’’ या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आजही नाही.

चित्र सरळ बाजूने पाहण्याआधी ते मागून वाचावे, हे मला नंतर एका जाणकारांनी सांगितले, पण मी ते योगायोगाने तसेच केले. ८१ बाय ६५ हे माप फ्रेंच चित्रकारांचे ठरलेले माप आहे. त्याला ‘पंचवीसचा कॅनव्हास’ म्हणतात आणि छातीपर्यंतच्या चित्रासाठी तो सर्रास वापरला जाई. मूळ कापडाला मागून दुसरे कापड चिकटवलेले होते, त्यामुळे मूळ पाठीवर काही लिहिलेले असेल तर ते आता दोन कापडांच्या मध्ये कायमचे मिटले आहे. चौकटीवर लाल मेणाची अर्धी तुटलेली मोहोर होती, तिच्यात कुठल्याशा प्राण्याचे मागचे दोन पाय तेवढे उरलेले. आणि ती चिठ्ठी. तिचा कागद यंत्रावर बनलेला होता, म्हणजे ती एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची; चित्रातला माणूस मरून दोन पिढ्या गेल्यावर कोणा नातवाने किंवा दुकानदाराने ऐकीव गोष्ट लिहून ठेवली असावी. शिवाय फ्रेंचांच्या तोंडी ‘झांद’ म्हणजे नेहमी आपला हिंदुस्थान असतोच असे नाही. कोलंबसाच्या कृपेने कॅरिबियन बेटांनाही ‘पश्चिमेकडचे झांद’ म्हणत. माझ्या नाना फडणवीसांच्या भेटीची शक्यता मार्च महिन्यातच निम्म्यावर आली.

मग गणवेश. त्या काळच्या फ्रेंच पायदळाचा कोट पांढरा असे, जर्मन पलटणींचा निळा, आणि लाल कोट प्रामुख्याने तिघांचा: फ्रान्सच्या चाकरीतल्या आयरिश पलटणी, स्विस पलटणी आणि राजाच्या खास घोडदळातल्या काही तुकड्या. माझ्या अधिकाऱ्याच्या गळ्याखाली चंद्रकोरीच्या आकाराचा सोनेरी पत्रा होता. जुन्या काळच्या चिलखताचा उरलेला अवशेष म्हणावा असा हा पत्रा पायदळाचे अधिकारी कामावर असताना गळ्यात घालत, त्यामुळे घोडदळ बाद झाले. डाव्या खांद्यावर झुपका होता. असे झुपके हुद्दा दाखवण्यासाठी १७५९ नंतरच्या काही वर्षांत आले, म्हणजे चित्र त्याआधीचे नाही. इथवर पोहोचल्यावर मी पुन्हा एकदा वाहवत गेले. आयरिश पलटणींपैकी लालीची पलटण १७५८ साली हिंदुस्थानात उतरली होती, तिचा सेनापती काउंट लाली याने जानेवारी १७६१ मध्ये पाँडिचेरी इंग्रजांच्या हवाली केली, आणि त्या पराभवापायी १७६६ साली पॅरिसमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. लाल कोट, आयर्लंड, झांद, सगळे जुळत होते. पुढचे सहा आठवडे मी फक्त या तर्काला पाठिंबा देणारे पुरावेच गोळा करत होते. माझ्या प्रयोगशाळेत कोणा विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवले असते.

या सहा आठवड्यांत एक साधन मात्र कायमचे हाती आले. ‘एता मिलितेर द फ्रान्स’ नावाची लष्कराची वार्षिक यादी १७५८ पासून क्रांतीपर्यंत छापली जात असे. तिच्यात पलटणवार अधिकाऱ्यांची नावे असतात, आणि फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर ती घरबसल्या, विनामूल्य वाचता येते. पाने अंधुक आहेत, शोधयंत्र जुन्या छपाईतला लांब ‘स’ हा ‘फ’ म्हणून वाचते, म्हणून नाव शोधताना दोन्ही प्रकारे टंकून पाहावे. माझे दोन शनिवार ही गोष्ट ठाऊक नसल्याने वाया गेले.

एप्रिलमध्ये दोन चित्रसंवर्धकांकडून दुरुस्तीचा अंदाज घेतला. एकाने २,६०० युरो सांगितले, दुसऱ्या बाईंनी १,४८०. फरक एवढा का, असे विचारल्यावर पहिल्यांनी मला जुने अस्तर काढून नवे लावण्याची गरज समजावली आणि दुसऱ्या बाईंनी ते अस्तर आणखी पन्नास वर्षे टिकेल असे शांतपणे सांगितले. मी त्यांच्याकडे गेले, त्याचे कारण किंमत एवढेच नव्हते. त्यांनी खोलीतला दिवा मालवून चित्रावर अतिनील दिवा धरला, आणि मला न विचारताच शिकवायला सुरुवात केली. जुने, झाडाच्या राळेपासून केलेले व्हार्निश त्या प्रकाशात हिरवट उजळते. त्याच्यावर नंतर कोणी रंग लावला असेल तर तो भाग काळ्या डागासारखा दिसतो. कपाळावर एक डाग होता, खांद्यावर दोन, आणि छातीवरच्या क्रुसाची लाल फीत पूर्णच्या पूर्ण काळी होती. ‘‘ही फीत नंतर रंगवलेली आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘का, ते मला विचारू नका.’’ त्यांच्याकडे आठ-नऊ महिन्यांची रांग होती. मी निम्मे पैसे आगाऊ भरले, चित्राचा विमा माझ्या घरविम्यात तात्पुरता वाढवून घेतला, आणि तारीख मिळाली ती जानेवारी २०२४ ची.

मधल्या काळात, जून २०२३ मध्ये, पॅरिसजवळच्या व्हॅन्सेनच्या किल्ल्यात असलेल्या लष्करी अभिलेखागारात गेले. तिथे जाणे वाटते तितके अवघड नाही. आधी वाचक म्हणून नोंदणी करावी लागते, हवे ते दप्तर कित्येक दिवस आधी संकेतस्थळावरून राखून ठेवावे लागते, आणि मग मेट्रोच्या एक क्रमांकाच्या मार्गाचे शेवटचे स्थानक गाठले की किल्ला समोरच. आत फक्त पेन्सिल, कोरे कागद आणि संगणक नेता येतो; छायाचित्रे काढता येतात, झगझगाट न करता. माझी चूक अशी झाली की मी फक्त आयरिश पलटणींची दप्तरे राखून ठेवली होती. तिथल्या कर्मचारी बाईंनी माझ्या भ्रमणध्वनीवरचे चित्र पाहिले आणि दोनच प्रश्न विचारले: कोटाचे दुमडलेले काठ कोणत्या रंगाचे, आणि क्रुसाच्या मध्यभागी काय आहे. काठ निळे होते. क्रुसाच्या मध्यभागी तपकिरी चिखल होता. निळे काठ असतील तर स्विस पलटणी आधी पाहा, आयरिशांपैकीही काहींचे तसे होते, पण स्विसांची संख्या कितीतरी जास्त आहे. आणि मध्यभाग स्वच्छ होईपर्यंत माझ्याकडे परत येऊ नका, असे त्या हसत म्हणाल्या. दिजाँहून दीड-दोन तासांची गाडी, एका रात्रीचे हॉटेल असे ११० युरो खर्च करून मी एक प्रश्न घेऊन परत आले. नंतर लक्षात आले की तो सबंध प्रकरणातला सर्वांत मोलाचा प्रश्न होता.

त्याचे कारण सांगायला थोडे मागे जावे लागेल. सेंट-लुई हा सन्मान चौदाव्या लुईने एप्रिल १६९३ मध्ये सुरू केला. पांढऱ्या मुलाम्याचा आठ टोकांचा क्रूस, मध्यभागी संत लुईची आकृती, आणि ज्वाळेच्या रंगाची लाल फीत. साधा मानकरी तो क्रूस छातीवर छोट्या फितीला अडकवतो आणि वरच्या दोन श्रेणींचे लोक खांद्यावरून रुंद पट्टा घेतात. दीर्घकाळ चाकरी केलेल्या अधिकाऱ्याला तो मिळे आणि सरदार घराण्यात जन्म असण्याची अट त्याला नव्हती. त्यामुळे लिलावाच्या यादीत ‘सेंट-लुईचा मानकरी’ आणि ‘सरदार’ हे शब्द जोडीने आले तरी पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही. अट होती ती धर्माची. मानकरी कॅथलिकच हवा. परंतु फ्रान्सच्या चाकरीत स्विस, जर्मन, स्वीडिश असे पुष्कळ प्रॉटेस्टंट अधिकारी होते, राजासाठी तितक्याच जखमा अंगावर घेणारे, आणि छातीवर त्यांच्या काहीच नाही. म्हणून पंधराव्या लुईने १० मार्च १७५९ रोजी त्यांच्यासाठी ‘मेरीत मिलितेर’ नावाचा वेगळा सन्मान काढला. क्रूस जवळजवळ तसाच, पण संताच्या जागी उभी तलवार. आणि फीत गडद निळी.

जानेवारी २०२४ मध्ये चित्र संवर्धक बाईंकडे पोहोचवले. पहिले दोन महिने सुट्या रंगाच्या पापुद्र्यांना बसवण्यात आणि कोणते द्रावण कुठे चालेल याच्या चाचण्यांत गेले. कापसाच्या बोळ्यांनी व्हार्निश काढायला मार्चमध्ये सुरुवात झाली. त्या दर शुक्रवारी एक छायाचित्र पाठवत, आणि शुक्रवारी दुपारी माझे कामात लक्ष नसे. चेहऱ्याचा पिवळेपणा गेल्यावर तो माणूस पाच वर्षांनी तरुण झाला, गालावर देवीचे दोन व्रण निघाले, जे चित्रकाराने प्रामाणिकपणे रंगवले होते आणि नंतर कोणीतरी झाकले होते. २२ मार्चच्या छायाचित्रात क्रूस होता. मध्यभागी सोनेरी रंगाची एकच उभी रेघ, वर एक छोटी आडवी. संत नव्हता. तलवार होती.

त्या संध्याकाळी मला थोडे वाईट वाटले, हे कबूल करते. लिलावाच्या यादीतला ‘सेंट-लुईचा मानकरी असलेला फ्रेंच सरदार अधिकारी’ आता सेंट-लुईचा मानकरी नव्हता, बहुधा फ्रेंचही नव्हता, आणि आयरिश पलटणींत मुख्यतः कॅथलिक असल्यामुळे माझा लाली आणि त्याची पाँडिचेरी या दोघांनाही निरोप द्यावा लागला. उरला तो लाल कोटातला, निळ्या काठांचा, प्रॉटेस्टंट पायदळ अधिकारी, म्हणजे स्विस.

मग फीत लाल का? बाईंनी फितीच्या खालच्या कडेला चार मिलिमीटरांची एक खिडकी उघडून पाहिली. वरच्या लाल थराखाली जुने व्हार्निश, त्याखाली गडद निळा. लाल रंग जुन्या भेगांमध्ये उतरलेला होता, म्हणजे भेगा पडल्यानंतर, मूळ चित्रानंतर बऱ्याच वर्षांनी लावलेला. माझा पहिला संशय दुकानदारावर गेला. सेंट-लुईचे नाव लोकांना ठाऊक असते, मेरीतचे फारसे कोणाला नसते, तेव्हा विक्रीसाठी फीत रंगवून घेतली असेल. परंतु मग त्याने तलवारीवरही संताचा ठिपका दिला नसता का? पुढे वाचनात आले की क्रांतीत हे सन्मान बंद पडल्यावर १८१४ साली अठराव्या लुईने ते पुन्हा सुरू केले, आणि त्याच वर्षी मेरीतची निळी फीत रद्द करून तिला सेंट-लुईसारखीच लाल फीत दिली. म्हणजे असेही झाले असेल की म्हाताऱ्या अधिकाऱ्याने किंवा त्याच्या मुलाने, नवा नियम आला तेव्हा, गावातल्या चित्रकाराला बोलावून भिंतीवरच्या चित्रातली फीत नियमाप्रमाणे करून घेतली. लबाडी आणि शिस्त यांपैकी काय, हे रंगावरून ठरवता येत नाही. आपल्याकडे सरकारी दिरंगाईला लालफीत म्हणतात, हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ हसत होत्या.

वरचा लाल थर काढायचा की ठेवायचा, हा निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला. थर कडक होता, काढताना खालचा पातळ निळा रंग दुखावण्याची भीती होती, आणि ३५० युरो अधिक लागणार होते. मी दहा दिवस मागून घेतले. शेवटी ठेवायचे ठरवले, कारण तो लाल थरही त्या चित्राच्या आयुष्यातच पडलेला आहे आणि कोणी, कशासाठी तो लावला हे कळल्याशिवाय तो खरवडण्याचा अधिकार मला आहे असे वाटेना. गालावरचे देवीचे व्रण मात्र उघडेच ठेवले.

मे २०२४ मध्ये व्हॅन्सेनला दुसरी फेरी झाली, पुन्हा ११० युरो. या वेळी स्विस पलटणींच्या अधिकाऱ्यांच्या नोंदवह्या मागवल्या होत्या. क्रांतीच्या वेळी राजाच्या चाकरीत स्विस गार्ड धरून बारा स्विस पलटणी होत्या, आणि त्यांची चाकरी राज्याराज्यांशी केलेल्या करारांवर चाले. बर्न आणि झुरिक ही प्रॉटेस्टंट राज्ये, फ्रायबुर्ग आणि सोलोथुर्न कॅथलिक. निम्म्याहून अधिक दप्तरे त्यामुळे न उघडताच बाजूला ठेवता आली. मेरीत मिळालेल्यांची संख्या सेंट-लुईवाल्यांच्या मानाने फारच थोडी, त्यात वयाचा आणि हुद्द्याचा अंदाज धरला, तेव्हा दोन दिवसांच्या शेवटी माझ्या वहीत तीन नावे उरली. ती इथे लिहीत नाही, कारण तिघांचीही घराणी आजही नांदती आहेत आणि माझा पुरावा त्यांच्या दारात घेऊन जाण्याजोगा नाही. मोहोरेतले मागचे दोन पाय तिघांपैकी दोघांच्या घराण्याच्या चिन्हांत बसतात. अस्वल, सिंह आणि बोकड यांचे मागचे पाय मेणात सारखेच उमटतात. शिवाय ती मोहोर त्याची स्वतःची नसून वाटणीच्या वेळी यादी करणाऱ्या अधिकाऱ्याची असू शकते. बर्नच्या अभिलेखागाराला लिहिलेल्या पत्राला पाच आठवड्यांनी अत्यंत सौजन्याचे उत्तर आले: तिघांपैकी कोणाचेही निश्चित चित्र त्यांच्या माहितीत नाही, त्यामुळे तुलना करता येणार नाही.

त्या तिघांपैकी एकाबद्दल मात्र दोन वाक्ये लिहिण्याचा मोह आवरत नाही. १७८१ नंतरच्या फ्रेंच नोंदवह्यांत त्याचे नाव दिसत नाही. त्याच वर्षी नोशातेलच्या शार्ल-दानिएल द म्यूराँ याने, जो आधी फ्रान्सच्या स्विस गार्डमध्ये होता, डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी एक पलटण उभी केली. ती केपवरून सिलोनला गेली, १७९५ मध्ये इंग्रजांच्या चाकरीत आली आणि १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होती. नोंदवहीतून नाव नाहीसे होणे म्हणजे माणूस हिंदुस्थानात गेला असे नव्हे; तो मेला असेल, निवृत्त होऊन द्राक्षाच्या मळ्यावर बसला असेल. पण पाठीवरच्या चिठ्ठीला मी आता पूर्वीइतकी हसत नाही.

लिलावगृहाला मी सापडलेले सगळे कळवले. कायद्याने त्यांच्याविरुद्ध दावा करायला विक्रीपासून पाच वर्षांची मुदत असते, पण माझा तसा हेतू नव्हता आणि नुकसान झाले असेही वाटत नव्हते. एका ओळीत पोच आली. बाबांनी विचारले होते, चित्र कधी साताऱ्याला आणायचे झाले तर फ्रान्स सोडू देईल का. त्याची चौकशी केली, ती इतरांच्याही उपयोगी पडेल: पन्नास वर्षांपेक्षा जुन्या चित्राला देशाबाहेर नेण्यासाठी सांस्कृतिक वस्तूचे प्रमाणपत्र लागते ते किंमत ३,००,००० युरोंच्या वर असेल तरच, ही मर्यादा २०२१ च्या आरंभी दुप्पट झाली. त्याखालच्या चित्रासाठी जकात अधिकाऱ्याला किंमत दाखवता आली पाहिजे, म्हणून लिलावाची पावती, स्थितीचा अहवाल आणि दुरुस्तीचे बिल मी एका पाकिटात चित्राच्या छायाचित्रांसह ठेवले आहे.

हिशेब असा झाला: लिलाव १,३९७, दुरुस्ती १,४८०, सोनेरी चौकटीचे तुटलेले दोन कोपरे २४०, व्हॅन्सेनच्या दोन फेऱ्या २२०, एकूण ३,३३७ युरो. चित्र उद्या विकायला काढले तर यातले निम्मे तरी परत येतील की नाही कोण जाणे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ते जेवणाच्या खोलीत, खिडकीच्या समोर नव्हे तर बाजूच्या भिंतीवर, उन्हापासून दूर लागले. येणारे पाहुणे आधी लाल फितीबद्दल विचारतात, आणि मग मी त्यांना जवळ बोलावून फितीच्या खालच्या कडेला बोट दाखवते, जिथे बाईंनी माझ्या सांगण्यावरून ती चार मिलिमीटरांची खिडकी न बुजवता तशीच ठेवली आहे. दिवाळीत आई-बाबा आले होते. आईने चष्मा लावून ती निळी रेघ शोधली, मग डबा उघडून चकलीची पहिली ताटली त्याच्या खालच्या टेबलावर ठेवली.